टॉवेलाखालची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. घरच्या गॅलरीत असते तसली नव्हे. एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या सगळ्यात वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाच्या काठाशी, मी अकरा वर्षं काढली. माझ्या बुडाखाली पांढऱ्या रंगात एकशे चौदा हा आकडा आहे. तेच माझं नाव म्हणायचं. पण त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. लोक माझ्यासमोर उभे राहत आणि एकच विचारत, "इथे कुणी आहे का हो?"

आणि बहुतेक वेळा इथे कुणीच नसे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. एका कारागिराने पाइप वाकवले, दुसऱ्याने माझ्या पायांना रबरी टोप्या घातल्या, तिसऱ्याने पाठ वरखाली करायला चार खाचा पाडल्या. मग मी पट्ट्या विणणाऱ्या बाईंकडे आले. पट्टी ताणून बसवताना त्या ओठ घट्ट आवळायच्या. विणून झालं की स्वतः पडून बघायचं, अशी तिथली रीत होती. त्या माझ्यावर आडव्या झाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

शेजारची बाई म्हणाली, "झोपलीस की काय गं?"

"झोपते कशाची! पाठीला गाठ टोचते का बघतेय."

पण त्या लगेच उठल्या नाहीत. दोन-चार श्वास तशाच पडून राहिल्या. त्यांच्या पाठीचा थकवा माझ्या पट्ट्यांना कळला. मला वाटलं, आपण याचसाठी आहोत. दमलेल्या माणसांनी यावं, टेकावं, बरं वाटलं की उठावं. मित्रांनो, मी तेव्हा नवी होते आणि तितकीच भाबडी होते.

जहाजावर आम्ही दोनशे चाळीस खुर्च्या होतो आणि प्रवासी अठराशे. त्यातही सावलीतल्या खुर्च्या फक्त बावीस. मी त्या बावीसांपैकी एक होते. मागे भिंत, वर छत, समोर पाणी. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक माझा फोटो काढत. "काय जागा आहे!" म्हणत. पुढे पुढे मला कळलं की कौतुक जागेचं होतं, माझं नव्हतं.

आमची देखभाल करणारा एक कामगार होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्याला सगळे घडीमास्तर म्हणत. कारण तो टॉवेलांच्या घड्या अशा घालायचा की कडेला कडा तंतोतंत जुळायची. तो पहाटे येऊन आम्हाला गोड्या पाण्याने धुवायचा, कारण खाऱ्या हवेने जोड गंजतात. माझ्या तिसऱ्या खाचेत कुरकुर व्हायला लागली, तेव्हा त्याने कुणी न सांगता तेल घातलं. दर वेळी आठ महिने तो जहाजावर असे आणि मग दोन महिने घरी. घरी बायको आणि दोन मुली होत्या. धुता धुता तो त्यांच्याबद्दल बोलायचा. ऐकायला आम्हीच होतो.

आता त्या टॉवेलांविषयी सांगते. सकाळी सहा वाजता, अजून नाश्त्याची भांडीही मांडलेली नसत, तेव्हा लोक डोळे चोळत वर येत. एका खुर्चीवर टॉवेल, दुसरीवर चपला, तिसरीवर पुस्तक. एवढं टाकलं की ती खुर्ची त्यांची. मग ते खाली जाऊन पुन्हा झोपत, नाश्ता करत, खेळ बघत, दुकानं फिरत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना? पण नागोबा निदान बिळात राहतो तरी! इथे नागोबा फिरायला जाई आणि बिळावर नुसती कात ठेवून जाई.

भिंतीवर पाटी होती. 'खुर्ची चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ रिकामी राहिल्यास त्यावरील सामान उचलून ठेवले जाईल.' अक्षर मोठं होतं. पाटी दर आठवड्याला पुसली जाई. पाळली कधीच जात नसे.

अशाच एका नऊ दिवसांच्या सफरीत एक वयस्कर जोडपं आलं. आजोबा बसमध्ये कंडक्टर होते, एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. आजींच्या छातीचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. मुलीने हट्टाने दोघांना सफरीला पाठवलं होतं. त्यांची खोली जहाजाच्या आतल्या भागात होती. तिला खिडकी नव्हती. आजींना सपाट पडलं की धाप लागे. त्यांना पाठ थोडी उंच लागायची, माझ्या दुसऱ्या खाचेइतकी. हे मी त्यांना कसं सांगणार?

पहिल्या दिवशी नऊ वाजता ते दोघे वर आले. आजींच्या हातात काठी होती. त्यांनी बावीसही खुर्च्यांसमोरून एक फेरी मारली. सगळ्यांवर टॉवेल. बसलेली माणसं तीन.

आजी म्हणाल्या, "अहो, इथे तर कुणीच नाही. टेकू का जरा?"

"नको. कुणी येऊन ऊठ म्हणालं तर तुला लागेल ते."

दुसऱ्या दिवशी ते आठला आले, तिसऱ्या दिवशी सातला. तेच. उन्हातल्या खुर्च्या मोकळ्या होत्या, पण दहा वाजेपर्यंत त्यांच्या पट्ट्या हाताला चटका देत. चौथ्या दिवशी शेजारच्या एका बाईंनी आजोबांना समजावलं, "काका, तुम्हीपण सहाला येऊन टॉवेल टाकून जा की. सगळे तेच करतात."

आजोबा हसले. "बाई, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे ना, त्यांना मी विचारायचो, रुमालाचं तिकीट काढलंय का? जन्मभर दुसऱ्यांचे रुमाल उचलले. आता या वयात स्वतःचा टाकू?"

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. पण अभिमानाने आजींना बसायला मिळालं नाही. त्या कठड्याला धरून दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि खाली गेल्या.

त्या सफरीत मला अडवून ठेवलं होतं ते टोपीवाल्या साहेबांनी. गवती टोपी, मोठा आवाज. सहाला येऊन ते माझ्यावर एक टॉवेल आणि शेजारच्या खुर्चीवर बायकोसाठी दुसरा टाकत. माझ्यावर चपला आणि एक जाडजूड पुस्तकही ठेवत. त्यातली खूण पाच दिवस तिसऱ्याच पानावर होती. साडेअकराला ते येत, वीस मिनिटं पडत, आणि जेवायला जात. टॉवेल संध्याकाळपर्यंत माझ्यावरच.

चौथ्या दिवशी जागा मिळत नाही म्हणून बऱ्याच तक्रारी गेल्या. म्हणून पाचव्या दिवशी सकाळी डेकच्या मॅनेजरबाईंनी सगळ्या कामगारांना माझ्यासमोरच गोळा केलं. "आजपासून पाटीवरचा नियम पाळायचा. चाळीस मिनिटं मोजा आणि सामान उचला. कुणाची भीड बाळगू नका."

घडीमास्तरने घड्याळ लावलं. तो खरंच मोजणारा माणूस होता. चाळीस झाली. त्याने आणखी वीस मिनिटं सोडली. मग साहेबांचा टॉवेल उचलून त्याची घडी घातली, त्यावर पुस्तक ठेवलं, चपला जोडीने ठेवल्या, आणि सगळं टॉवेलांच्या काउंटरवर नेऊन चिठ्ठी लावली. परत आला तेव्हा आजी कठड्याशी उभ्या होत्या.

"काकू, या. ही जागा मोकळी आहे."

"कुणाची नाही ना हो दादा?"

"जो बसेल त्याची."

त्याने माझी पाठ दुसऱ्या खाचेवर लावली. न विचारता. आजींचा श्वास बघूनच त्याला समजलं असावं. आजी टेकल्या. सुरुवातीला अंग चोरून, कडेला. मग हळूहळू त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. फार नव्हतं. त्यांनी काठी पायाशी ठेवली आणि पाच मिनिटांत त्या झोपल्या. आजोबा शेजारी जमिनीवर बसले. दुसरा टॉवेलही उचललेला होता, शेजारची खुर्ची मोकळी होती, पण त्यांना तिच्यापर्यंत जायचं भान नव्हतं. ते नुसते आजींचा श्वास ऐकत होते.

"किती दिवसांनी अशी झोपली," ते घडीमास्तरला हळूच म्हणाले. "रोज बसून रात्र काढते हो."

मित्रांनो, अकरा वर्षांतला तो माझा एकमेव खरा कामाचा तास. तासच. कारण साडेअकरा वाजले.

"हे काय चाललंय? माझं सामान कुठे आहे?"

आजी दचकून उठल्या. उठताना काठी सापडेना. घडीमास्तर पुढे आला. "साहेब, सामान काउंटरवर सुरक्षित आहे. तासभर कुणी नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे..."

"नियम मला शिकवू नकोस! माझ्या वस्तूला हात लावायची हिंमत कशी झाली?"

काउंटरवरून सामान आणलं. साहेबांनी ते चिवडलं आणि एकदम म्हणाले, "माझा गॉगल कुठे आहे? महागाचा गॉगल होता टॉवेलाखाली."

नव्हता. माझ्यावर काय होतं आणि काय नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? टॉवेल, पुस्तक, चपला. बस्स. पण खुर्चीची साक्ष कोण घेतो?

आजोबा म्हणाले, "साहेब, मी सगळं पाहिलंय. या माणसाने एक वस्तू इकडची तिकडे केली नाही."

"तुम्ही कशाला मध्ये पडता? तुम्हालाच जागा मिळाली ना त्याच्यामुळे?"

मॅनेजरबाई धावत आल्या. त्यांनी साहेबांची तीन वेळा माफी मागितली. पाटीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. घडीमास्तर हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सकाळी तुम्हीच सांगितलं होतं."

त्याही हळू आवाजातच म्हणाल्या, "अरे, नियम भिंतीवर लावायला असतो. माणूस बघून वागायला नको का?"

त्याला तिथूनच खाली नेलं. साहेब माझ्यावर बसले. रागाने बसले, म्हणून जास्तच जड लागले. दहा मिनिटांनी त्यांच्या बायकोने आपल्या पिशवीत हात घातला आणि ती थबकली.

"अहो... गॉगल इथेच आहे. काल मीच ठेवला होता."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "आत ठेव. आता बोललीस तर आपलीच शोभा होईल."

तिने पिशवीची चेन ओढली. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

सहाव्या दिवशी आजोबा ऑफिसात साक्ष द्यायला गेले. वर आल्यावर त्यांनी आजींना सांगितलं, "एक कागद दिला. म्हणाले, लिहून पेटीत टाका. मी चार ओळी लिहिल्या."

"वाचतील का?"

"पेटीला कुलूप होतं. गंजलेलं."

सातव्या दिवशी जहाज बंदराला लागलं. डेक पुसणारे दोघे माझ्या शेजारी बोलत होते. "घडीमास्तरला उतरवलं रे. चोरीचा शेरा मारलाय. आता कुठलं जहाज घेणार त्याला?" दुसरा पोछा पिळत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी ऐकून होते. चोर माझ्यावर पाय पसरून सरबत पीत होता आणि संन्यासी बॅग घेऊन जिना उतरत होता, हे मात्र मी प्रत्यक्ष भोगलं.

आणि मग आठवा दिवस. सकाळचे पावणेसहा. अजून साहेबही उठले नव्हते. कुणीतरी दबकत आलं, माझ्यासमोर बराच वेळ उभं राहिलं, आणि माझ्यावर एक टॉवेल पसरला. टॉवेल वाकडा पडला, तो त्यांनी पुन्हा सरळ केला.

ते कंडक्टर आजोबा होते.

नऊ वाजता ते आजींना घेऊन आले. त्यांचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता इतका पडलेला होता. "बस. आज आपली जागा आहे."

आजींनी टॉवेल पाहिला. त्यावर त्यांच्याच खोलीचा क्रमांक होता.

"तुम्ही ठेवलात?"

"मग काय करू? रोज तुला उभी ठेवू?"

"तो माणूस माझ्या झोपेपायी घरी गेला हो. त्याच जागी आता हे टाकून मी झोपू?" त्यांचा आवाज चढला नाही. "मला नाही लागायची झोप इथे. चला."

"अगं, निदान थोडा वेळ तरी..."

"चला म्हणते ना."

त्या काठी टेकत निघून गेल्या. आजोबा त्यांच्यामागे गेले. टॉवेल उचलायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, की धीर झाला नाही, मला माहीत नाही. दिवसभर तो माझ्यावर होता. एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन आली, माझ्याकडे पाहून पुढे गेली. नवा कामगार तिथेच होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. तो शहाणा झाला होता.

अकरा वर्षांत माझ्यावर शेकडो लबाडांचे टॉवेल पडले. मला त्यांचं ओझं कधी वाटलं नाही. त्या एका भल्या माणसाचा टॉवेल मात्र मला पेलला नाही.

पुढे माझं फारसं काही उरलं नाही. जोडांना तेल मिळेना. मधल्या दोन पट्ट्या तुटल्या. तरी सकाळी सहाला माझ्यावर टॉवेल पडतच होते, कारण अडवायला मोडकी खुर्चीही चालते. बसायचं कुणाला असतं? शेवटी एकाची मांडी पट्टीत अडकली, आणि त्याच दिवशी मला खाली काढलं. आता मी बंदरावरच्या एका भंगाराच्या आवारात पडून आहे. माझ्यावर आणखी नऊ खुर्च्या रचल्या आहेत. पावसाचं पाणी माझ्या पोकळ पाइपांत साचतं.

मित्रांनो, मला रंग द्या, मला दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस संपले. पण तुम्ही बागेत जाल, दवाखान्यात जाल, वाचनालयात जाल. तिथे माझ्या बहिणी असतील. त्यांच्यावर जरूर बसा, हवं तितका वेळ बसा, दमला असाल तर झोपा. मात्र उठाल तेव्हा आपलं सामान आपल्या हाताने घेऊन उठा. ते दुसऱ्या कुणाला उचलायला लावू नका.