स्टार्टअप फाइलमधली ओळ

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘शॉर्टकट’ म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. पाणी तपासायच्या या प्रयोगशाळेत नोकरी लागली ती वहिनींच्या शब्दावर. वहिनी तिथे रिपोर्ट काढून सही करायच्या, तो कॉम्प्युटरचं बघायचा.

सगळे आपापल्या जागेवरून एकाच मुख्य कॉम्प्युटरवर काम करत, आणि त्यावर सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं. कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली की ती आधी एक छोटी फाइल वाचायची आणि त्यात लिहिलेलं निमूटपणे करायची. रिपोर्टासाठी आकडे खऱ्या फोल्डरमधून घ्यायचे की सरावाच्या, हे खिडकीच्या एका व्हेरिएबलवर, म्हणजे नावाखाली साठवलेल्या एका शब्दावर ठरे; काही सांगितलं नाही तर खऱ्या. सरावाच्या फोल्डरमध्ये नमुन्यांचे नंबर तेच, आकडे मात्र एकजात सोज्वळ. सगळं पाणी स्वच्छ.

“सराव करायचा तर आपल्या खिडकीत हातानं टाइप करा, भाऊजी,” वहिनींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. “खिडकी मिटली की ते विसरून जाते. फाइलमध्ये लिहू नका, ती सगळ्यांची आहे.”

पण नवा रिपोर्ट जुळवताना दर वेळी तेच टाइप करायचा त्याला कंटाळा आला. त्याने ती सरावाची ओळ सरळ फाइलमध्ये टाकली, ‘जाताना काढू’ म्हणून. जाताना मित्राचा फोन आला आणि ओळ तशीच राहिली.

सकाळी वहिनींनी खिडकी उघडली, रिपोर्ट काढला, सही केली. एका शाळेच्या विहिरीचं पाणी पिण्यायोग्य ठरलं. दोन दिवसांत मुलांची पोटं बिघडली. फार काही झालं नाही हे नशीब, पण शाळेने साहेबांना फोनवर सोलून काढलं.

शॉर्टकटला आपली ओळ आठवली. साहेब तरातरा येताना दिसले आणि त्याने आपल्या जागेवरून ती ओळ पुसली. मागचा मागमूसही पुसला, तेवढी हुशारी त्याच्याकडे होती. आपण काय करतोय हे त्याला पक्कं कळत होतं, तरी बोटं थांबली नाहीत.

“माझ्यासमोर काढून दाखवा,” साहेब वहिनींना म्हणाले. त्यांनी नवी खिडकी उघडली. आकडे खरे आले, पाणी दूषित.

“म्हणजे यंत्र ठीक आहे. तुम्हीच धांदरटपणा केलात,” असं म्हणून साहेब निघून गेले.

वहिनी पडद्याकडे बघत बसल्या. मागे त्यांची परवापासूनची खिडकी अजून उघडीच होती, आणि ती शॉर्टकटच्या नजरेस पडली. खिडकी फाइल वाचते ती उघडताना, एकदाच. फाइलमधली ओळ पुसली तरी आधी उघडलेल्या खिडकीला त्याचा पत्ता नसतो. वहिनींनी त्या खिडकीत व्हेरिएबल विचारलं. उत्तर आलं, सराव.

त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ‘मीच केलं’ एवढंच म्हणायचं होतं, साहेब अजून जिन्यातही पोचले नव्हते. त्याने नजर कीबोर्डात घातली.

वहिनींनी ती खिडकी मिटली.

घरी त्यांनी नेहमीसारखं त्याचं ताट वाढलं, अवाक्षर काढलं नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. स्वतःची अशी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

सकाळी तो साहेबांपुढे उभा राहिला आणि पहिल्यापासून सगळं सांगून मोकळा झाला. साहेबांनी फाइल उघडून पाहिली. फाइल धुतल्या तांदळासारखी होती.

“वहिनीसाठी जीव तुटतो, चांगलं आहे,” साहेब हसून म्हणाले. “पण खोटं बोलताना पुरावा तरी आणायचा. त्या आता बाटल्यांना चिठ्ठ्या लावतील. त्यांच्या टेबलावर तू बस. सही तुझी.”

“साहेब, खरंच मी...”

“पुरे झालं.”

तो टेबलापाशी आला तेव्हा वहिनी खण रिकामा करत होत्या.

“वहिनी, मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं.”

“ऐकू आलं मला.” त्यांनी खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. “काल सांगायचं होतंत, भाऊजी. काल मी वाट बघत होते.”