शंभर माणसांची सतरंजी

या, बसा! ही उभ्या-उभ्या ऐकायची गोष्ट नाही. मी केजच्या एका शाळेची सतरंजी बोलतेय. लांबी तीस फूट, रुंदी पंधरा, अंगावर लाल-निळे पट्टे आणि एका कोपऱ्याला उंदराच्या कृपेनं लागलेलं हिरवं ठिगळ. माणसं मांडी घालून दाटीवाटीनं बसली, तर शंभर मावतात. हा शंभराचा आकडा ध्यानात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच अडणार आहे.

जन्म माझा सोलापूरचा, मागावरचा. तिथून थेट केजला आले ती संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांच्या सत्काराला. त्यानंतर कीर्तनं झाली, पालकसभा झाल्या, हळदीकुंकू झालं, निवडणुकीच्या सभा तर विचारूच नका. माणूस तोंडानं काय बोलतो ते तुम्ही ऐका, मला त्याची बैठक कळते. कीर्तनात रंगला की जागचा हलत नाही. पुढाऱ्याचं भाषण लांबलं की खाली मान घालून माझे दोरे उपटत बसतो. एका सभेत तर माझी हातभर किनार उसवली, एवढं लांबलं होतं ते भाषण!

चार वर्षांपूर्वी शाळेत सत्यशीला बाई खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी गावं ऊस तोडायला कारखान्यांकडं जातात. त्यांच्या पोरी शाळेच्या वसतिगृहात राहतात. संध्याकाळ झाली की आईच्या आठवणीनं त्यांचं मुसमुसणं सुरू व्हायचं. बाईंनी काय करावं? त्यांच्या हातात हॉकीच्या स्टिका दिल्या. रडणं थांबलं आणि खिडक्यांच्या काचा फुटायला लागल्या. दुसऱ्या वर्षी तर केजचा संघ जिल्ह्यात खेळायला लागला. गोलात उभी राहायची ती मंगल. पायाला जाड पॅड, डोक्याला शिरस्त्राण, तिला बघून मांजरंसुद्धा वाट बदलायची.

खेळ चांगला होता हो, बघायला मात्र कुणी येत नव्हतं. शिपाई तानाजी मला खांद्यावर घेऊन मैदानाच्या कडेला आंथरायचा, आणि मी आपली ऊन खात पडायची. माझ्यावर ठरलेलं एकच माणूस, म्हातारे आश्रुबा. ते यायचे, धोतराचा सोगा सावरत मधोमध आडवे व्हायचे आणि घोरायला लागायचे. बाई एकदा कौतुकानं म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला हॉकी फार आवडते वाटतं?"

"न्हाई बा," आश्रुबा म्हणाले. "पर गावात कुटंबी जा, नुसता कालवा. हितं लई शांत हाय."

बिचाऱ्या बाई! त्या हरायला मात्र तयार नव्हत्या. एकदा त्यांनी मोठे पाहुणे बोलावले. त्या दिवशी काय गर्दी, काय गर्दी! माझा दोरा न् दोरा दबला. शाल, श्रीफळ, फेटे, मग अकरा जणांची मनोगतं. पाहुणे उठले तशी सगळी माणसं त्यांच्या गाडीमागं उठली. सामना सुरू झाला तेव्हा माझ्यावर नारळाच्या शेंड्या आणि आश्रुबा, एवढेच उरलो. दुसऱ्यांदा बाईंनी भोंगा लावून गावभर पुकारा केला. त्याच दिवशी पलीकडच्या रानात टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा, माणसाच्या उंचीचा चषक, आणि गाणी लावलेली. आमच्याकडं आलेल्या चौघांना चेंडूच दिसेना. शिट्टी वाजली की त्यांना वाटायचं, संपलं. तिसऱ्या शिट्टीला ते घरी गेले.

शेवटी अर्जुनरावांनी बाईंना संस्थेच्या कचेरीत बोलावलं. मी तिथंच गुंडाळी होऊन भिंतीला टेकले होते.

"बाई, खोटं कावून बोलू? पोरी चांगल्या खेळतात," ते म्हणाले. "पर बघतंय कोन? क्रिकेटवाले ग्राउंड मागायलेत. त्यांच्याकडं हजार माणूस येतंय. ही सतरंजी हाय ना, शंभर माणसांची? शेवटच्या सामन्याला येवढी भरून दाखवा. मला फोटू पाठवा. भरली तर संघ ऱ्हाईल, न्हाई तर पुढच्या साली हॉकी बंद."

ही गोष्ट मंगलला कळली. ती संध्याकाळी माझ्यावर येऊन बसली आणि बराच वेळ ठिगळावरून बोट फिरवत राहिली. मग बाईंना म्हणाली, "हॉकीमुळं मला हितं ठिवलंय, बाई. आई म्हनली, खेळ हाय तवर ऱ्हा. बंद झाला तर पुढल्या साली मीबी उसाच्या फडात. मोळ्या बांधायला."

मला काय रडता येतं? पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तोड काढली ती आश्रुबांनी, तीही आडव्या-आडव्या. बाई कुणाकुणाला आमंत्रण द्यायचं त्याची यादी करत होत्या, तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, "बाई, तुमी सामने भरिवता पौषात. पौषात हितं कोन हाय? मी आन कुत्री. ज्येंच्या पोरी खेळत्यात ते समदे तिकडं उसात. मंग बघायला कोन यील?"

बाईंनी यादी फाडली. शेवटचा सामना आष्टीच्या संघाशी होता. तिकडच्या शिक्षकांना त्यांनी फोन लावला आणि सामना आष्टी तालुक्यातच, कडा गावाकडच्या एका साखर कारखान्याजवळ घ्यायचं ठरवलं. तिथं ऊसतोड्यांचा तळ होता, पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या होत्या आणि त्यातल्याच एका कोपीत मंगलची आई सुंदरबाई होती. टेम्पोत पोरी, स्टिका, तानाजी आणि मी. आश्रुबा म्हणाले, "मीबी येतो. तितं झोप कशी लागती ते बघावं."

कारखान्यामागच्या मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या. मला मंगलच्या गोलाशेजारी आंथरलं. तानाजीनं झाडूनसुद्धा घेतलं! साडेचारला फडातून माणसं परतली आणि बघते तर काय, चारी बाजूंनी माणूसच माणूस. बाया, बापे, कडेवरची लेकरं. दोनशे तरी असतील. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आज एकदाची भरणार मी!

आणि एक जण बसेल तर शपथ.

माणसं माझ्या किनारीपर्यंत यायची आणि थबकायची. उसाला पाणी लागलं होतं, सगळ्यांचे पाय पोटरीपर्यंत चिखलानं माखलेले. "आगं बाई, सतरंजी हाय, घान हुईल," म्हणत बाया मागं सरायच्या. "पाव्हनं येत्याल बसायला," म्हणत बापे त्यांच्या मागं. बाई बोलावून थकल्या. मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो, तुमच्यासाठीच तर आलेय मी, बसा की! पण सतरंजीचं ओरडणं कोण ऐकतो? माझ्यावर एकटे आश्रुबा, तेही झोपलेले नाहीत, चक्क बसलेले.

त्यात आमचा तानाजी. अर्जुनरावांनी सतरंजीचा फोटो सांगितला होता ना, मग त्यानं सतरंजीचाच काढला! मागं उभी दोनशे माणसं त्याला दिसली नाहीत का? दिसली. पण ती कुठं सांगितली होती? फोटो केजला गेला आणि लगेच अर्जुनरावांचा निरोप आला, "बघितलं. सोमवारी या." बाईंनी तो वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि सामन्याकडं बघायला लागल्या.

सामना संपायला पाच मिनिटं राहिली. आष्टीचा एक गोल झालेला, आमचा एकही नाही. एवढ्यात आमच्या पोरीकडून गोलासमोर चूक झाली आणि पंचांनी आष्टीला थेट फटका दिला. म्हणजे मध्ये कुणी नाही, एकीनं मारायचं, एकीनं अडवायचं.

गर्दीत सुंदरबाई मघापासून टाचा वर करून बघत होत्या. त्यांनी तानाजीला विचारलं, "दादा, माझी मंगल कंची वं?"

"ती न्हाई का, टोपडंवाली."

सुंदरबाईंनी बघितलं. समोर एक धिप्पाड पोरगी काठी उगारून उभी आणि त्यांची लेक तिच्यापुढं एकटी. फटका बसला. मंगल बाजूला झेपावली, चेंडू पॅडवर आदळला आणि ती धाडकन आडवी झाली.

"आगं, माझ्या लेकीला मारलं गं!" सुंदरबाई धावत सुटल्या. मध्ये कोण पसरलेलं? मी! तीस फूट त्या माझ्या अंगावरून धावल्या, आणि त्यांच्यामागं तळावरच्या सगळ्या बाया. चिखलाची पावलंच पावलं. मंगलनं शिरस्त्राण काढलं तर ती हसतेय.

"आई, मला लागलं न्हाई. मी आडिवला!"

"काय आडिवलं?"

"बॉल गं!"

सुंदरबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि जीभ चावली. पदर घेऊन मला पुसायलाच बसल्या. बाईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या, मावशी. बसा."

तेवढ्यात आश्रुबा गरजले, "आता घान झालीच हाय, तर उबं कावून ऱ्हाता? बसा की बे समदे!"

आणि बसले! दाटीवाटीनं, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. उरलेल्या वेळात एकानंही माझा दोरा उपटला नाही. सामना आम्ही हरलो, हे सांगून टाकते. पण तळावर ते कुणालाच कळलं नाही, आणि त्यांनी मंगलला खांद्यावर घेतलं. कळवायला कुणी गेलंही नाही.

सोमवारी अर्जुनरावांनी तो फोटो बाईंपुढं धरला. "एकटा म्हातारा बसलाय, बाई. ही भरलेली सतरंजी?"

बाई म्हणाल्या, "तानाजी, सतरंजी बाहेर आंथर."

शाळेच्या अंगणात मी उलगडले. वाळलेल्या चिखलाची पावलं, बायांची, बाप्यांची, टिचभर लेकरांची. अधेमधे उसाचं पाचट. अर्जुनरावांनी चष्मा लावला आणि मोजायला सुरुवात केली. चाळिसावर गेले आणि थांबले. एका ओळीपाशी खाली वाकले, कारण त्या पावलांच्या टाचा उमटल्याच नव्हत्या.

"ही कुनाची?"

"मंगलच्या आईची. लेकीला लागलं असं वाटून पळाली ती."

 अर्जुनराव सरळ झाले आणि माझ्या कडेकडेनं, एकाही पावलावर पाय न देता, पलीकडं गेले. तिथून त्यांनी विचारलं, "पुढच्या साली पयला सामना कंच्या कारखान्यावर घेता?"

हल्ली मी वसतिगृहाच्या कोपऱ्यात असते. माणसं येण्याची वाट बघत पडून राहायचे दिवस गेले, आता माणसं असतील तिथं मीच जाते. तानाजी मात्र रोज म्हणतो, हिला एकदा पावडर टाकून धुतली पाहिजे. त्याला कुणीतरी समजावून सांगा हो. बाकीचं अंग खुशाल धुवा, पण ती टाच नसलेली पावलं तेवढी राहू द्या.

आणि तुम्ही? अजून उभेच? बसा की. पाय पुसू नका.