टँकरच्या तीन हाका

घाबरू नका. मी सायरन बोलतोय खरा, पण आज संकट वगैरे काही नाही. आज आपलं सहज बोलावंसं वाटलं. एरवी मी तोंड उघडलं की माणसांनी घरदार सोडून पळावं, यासाठीच तर माझा जन्म.

मी हाताने फिरवायचा सायरन. मला वीज लागत नाही, मोबाईलसारखी रेंज लागत नाही. लाल रंगाचं लोखंडी अंग, पुढे रुंद तोंड आणि बाजूला एक दांडा. तो कुणी नेटाने फिरवला की माझा आवाज दोन शिवारं ओलांडून जातो. उगीच बढाई मारत नाही. सोलापूरच्या कारखान्यात माझी पहिली चाचणी झाली, तेव्हा शेजारच्या शेडमधला एक कामगार कानांवर हात ठेवून शिव्या देत बाहेर आला होता. आम्हा सायरनांमध्ये याला शाबासकी म्हणतात.

पुढे नदीकाठच्या गावांना सरकारने आम्हाला वाटून दिलं. मी आलो सीना नदीकाठच्या होनगुंडी गावाला. वर माळावर शाळा आणि पाण्याचा हौद, खाली नदीला लागून वस्ती. मला शाळेच्या ओट्यावर बसवलं, हार घातला, नारळ फोडला. गावच्या पोलीस पाटील रुपालीताई सोलापुरात आपत्तीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना समजावलं, की सायरन लांबलचक, चढत-उतरत वाजला म्हणजे पूर येतोय. हातातलं काम टाकून माळावर यायचं.

मग रंगीत तालीम झाली. मी जीव तोडून ओरडलो. लोक आपापल्या उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघत बसले. मायाप्पा नावाचा मेंढपाळ तर मोठ्याने हसला.

"हितं प्यायला पानी न्हाय, आन् पूर कुटनं यायचा?"

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. ज्या गावात निम्मा पावसाळा सरला तरी टँकर चालू, त्या गावाला पुराचं भय कुठून वाटणार? महिनाभरात माझा हार वाळला आणि माझ्या दांड्याला कुणाची तरी शेळी बांधली जाऊ लागली.

तिथून मला सोडवलं गैबीसाब यांनी. ते ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. टँकर आला की आळीआळीत ओरडत फिरायचं काम त्यांच्याच गळ्यात. एक दिवस त्यांनी शेळी सोडली आणि मला तीनदा थोडं थोडं फिरवलं. तीन छोट्या हाका. झालं! तेव्हापासून तीन हाका म्हणजे माळावरच्या हौदापाशी टँकर आला, हे गावाला तोंडपाठ झालं.

रुपालीताई तणतणत आल्या. "गैबीसाब, सायरन काय टँकरसाठी दिलाय व्हय?"

"ताई, ओरडून ओरडून माजा गळा बसतोय बगा. ह्यो पडूनच हाय की हितं."

मी मनातून ताईंच्या बाजूचा. मला फार राग आला होता. मी संकटाचा दूत, आणि मला टँकरचा भालदार करून टाकला! पण खरं सांगू? त्या तीन हाकांवर सगळं गाव धावत यायचं, तेव्हा छाती थोडी फुगायचीच. सगळ्यांत पुढे पार्वतम्मा. नदीकाठच्या मातीच्या घरात एकटी राहणारी म्हातारी, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारी. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, आणि पहिला नंबर कुणी घेतला तर त्याची काही खैर नाही.

आणि मग भाद्रपदातली ती दुपार आली. लख्ख ऊन पडलं होतं. वर लांब कुठे तरी धो धो पाऊस झाला होता, धरणातून पाणी सोडलं होतं. तहसीलच्या नियंत्रण कक्षातून रुपालीताईंना फोन आला, की अंधार पडायच्या आत पाणी वस्तीत शिरेल. ताईंनी धावत येऊन माझा दांडा धरला. मी लांबलचक ओरडलो, पुन्हा ओरडलो. खाली लोकांनी आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. परत तालीम चाललीय, असंच त्यांना वाटलं.

ताई खाली पळाल्या. दारोदार सांगत सुटल्या. पार्वतम्मा उंबऱ्यात डाळ निवडत बसली होती. "ऊन पडलंय की ग तायव्वा. पूर म्हनं!" एवढं बोलून ती पुन्हा डाळीत बघू लागली. मागे नदीचं पाणी बांधाला लागलं होतं.

ताई धापा टाकत वर आल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"गैबीसाब, टँकरचं वाजवा."

"ताई, टँकर न्हाय की!"

"नसू दे. घागरी घिऊन येत्याल, पन येत्याल तरी."

"आन् उद्या खराच टँकर आला तर? कोन इश्वास ठिवंल?"

"टँकर आनायचं माज्यावर. तुमी वाजवा!"

गैबीसाबांनी दांडा फिरवला. तीन छोट्या हाका. आणि बघता बघता सगळी दारं उघडली! घागरी, हंडे, कळश्या, कडेवर पोरं. म्हाताऱ्यांनासुद्धा घेऊन आले, कारण माणसागणिक नंबर धरायचा असतो. मायाप्पाच्या मेंढ्या माळावरच चरत होत्या, तो तेवढा घागर आणायला खाली गेला आणि तसाच पळत वर आला. पार्वतम्मा अर्थात पहिली.

"टँकर यल्ली?" ती रिकाम्या हौदाकडे बघून कडाडली. "कुटं हाय टँकर? म्हातारीची थट्टा करताव?"

मायाप्पाने नुसतं खाली बोट दाखवलं. वस्तीत पाणी शिरत होतं. डोळ्यांदेखत पार्वतम्माची भिंत खचली, मग पत्रा तरंगत निघून गेला. तिने दोन्ही घागरी पोटाशी धरल्या. तिच्या संसारातलं आता तेवढंच शिल्लक होतं. रुपालीताईंनी नाव घेऊन एकेकाला हाक मारली. सगळ्यांनी ओ दिली. एकही माणूस कमी नव्हता. सांगताना आजही माझं लोखंड शहारतं.

रात्र सगळ्यांनी शाळेतच काढली. दुसऱ्या दिवशी चहूकडे गढूळ पाणी, आणि प्यायला थेंब नाही. ताईंनी फोन करकरून तालुक्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे दुपारी माळाच्या रस्त्याने टँकर आला. गैबीसाबांनी दांडा धरला आणि तसेच थांबले. मीही धास्तावलो होतो. काल मला खोटं बोलायला लागलं होतं, आज माझं कोण ऐकणार?

तीन हाका दिल्या. क्षणभर शाळेच्या खोल्यांमध्ये काहीच हललं नाही. मग घागरीवर घागर आपटल्याचा आवाज आला आणि पार्वतम्मा बाहेर आली. डोक्यावर एक, कमरेवर एक. घागरी भरून झाल्यावर तिने माझ्या तापलेल्या पत्र्यावर ओली थाप मारली.

"आला की रे टँकर," ती म्हणाली.

जिल्ह्यात माझे पुष्कळ भाऊबंद आहेत, माझ्याहून नवे, माझ्याहून चकचकीत. पण अशी थाप कुणाच्या नशिबात असेल, असं मला वाटत नाही. आता आमच्या गावात तालीम असली की लोक घागर घेऊनच माळावर येतात, ही पार्वतम्मानेच घालून दिलेली रीत. माझं मागणं फार नाही. सांध्यात तेल घाला, दांड्याला शेळी बांधू नका. आणि हाक लांब असो की छोटी, घागर उचला आणि माझ्याकडे या. पार्वतम्माच्या आधी पोचलात तर मात्र तुमचं तुम्ही बघा.