घरी हिंदीच बोलायचं

"खुर्चीवर बसा न जी सर. चटईवर काहून बसून राहिले?"

राधाबाई गडबडून गेल्या होत्या. कांचघर वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत खुर्ची एकच, आणि सर तिच्यावर बसायला तयार नव्हते.

शरच्चंद्र हिरुरकर सर आमचे प्रिन्सिपल. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर मी अजून शर्टाचं वरचं बटण लावतो. पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि आम्ही जुने विद्यार्थी त्यानिमित्त गौरवअंक काढतोय. सरांना त्यात एकच गोष्ट हवी होती : गौतमच्या आईचे चार शब्द. गौतम त्यांचा सर्वांत लाडका विद्यार्थी. बोर्डात आला, आता बंगळुरूला मोठा इंजिनिअर आहे. सरांचं एकही भाषण त्याच्या नावाशिवाय झालं नाही. "देवदत्त, ती माउली माझ्याविषयी काय म्हणते ते मला वाचायचंय," असं ते मला तीनदा म्हणाले. या वयातही माणसाला इतकी कौतुकाची हौस असावी, याचं मला हसू आलं होतं. शेवटी त्यांना स्कूटरवर बसवून गौतमच्या आईकडे, राधाबाईंकडे, घेऊन आलो.

मी वही उघडली. "काकू, सरांबद्दल आठवेल ते सांगा."

"सरांमुळेच झालं सगळं. त्यायनं डायरीत लिहून देलं होतं, मले वाचून दाखवलं, अन् माझी सही घेतली."

ती सही मला ठाऊक होती. गाव हिंदी मुलखातलं, शाळा हिंदी माध्यमाची. आम्ही मराठी पोरं 'मेरी किताब'ऐवजी 'मेरा किताब' म्हणायचो आणि वर्गात हशा पिकायचा. हिंदीत मार्क जायचे. सर स्वतः मराठी, त्यामुळे आपल्या माणसांवर हक्कानं रागवायचे. प्रवेशाच्या दिवशीच ते मराठी पालकांकडून डायरीत सही घ्यायचे : घरी हिंदीच बोलायचं. माझ्या आईनं सही केली आणि घरी येऊन अस्सल मराठीत मला झापलं. सगळ्यांच्या आयांनी तेच केलं असणार, असं मी धरून चाललो होतो.

"मी पाळलं जी," राधाबाई म्हणाल्या. "एक दिवस मोडलं नाही."

सरांचा चेहरा खुलला. "लिही, देवदत्त."

"पण मले हिंदी कुठं येत होती? वर्ध्याकडची मी. 'खाना खाओ', 'सो जाओ', एवढंच यायचं. मंग बाकीचं बोलणंच सोडलं. आपण चुकीचं बोललो तर पोराचं नुकसान होईन, म्हटलं. गौतमचे बाबा गेले तवा तो नववीत होता. त्याले पोटाशी धरलं, पण हिंदीत बोलू काय? उगीमुगी बसलो दोघं."

आवाजात तक्रार नव्हती. नियम नीट पाळल्याचं समाधानच होतं. माझा हात थांबला. सरांनी या वेळी 'लिही' म्हटलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "त्याचाच. दर रविवारी करते," म्हणत त्यांनी स्पीकर लावला. त्यांना कमी ऐकू येतं.

"अम्मा, ठीक हो?"

"हां बेटा. खाना खाया?"

"हां. दवाई ले रही हो ना?"

"हां."

"अच्छा, चलो. रखता हूं."

"हां बेटा, रखो."

मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मी म्हणालो, "काकू, सर आलेत हे तरी सांगायचं होतं!"

"शब्द जुळवेपर्यंत तो फोन ठेवते न जी."

सर चटईकडे बघत होते. ज्यांच्या आवाजानं अख्खं मैदान गप्प व्हायचं, ते राधाबाईंजवळ सरकून हळूच म्हणाले,

"माझं चुकलं, राधाबाई."

"असं काहून म्हणता? पोरगं मार्गी लागलं माझं. तुमचे उपकार आहे जी." त्यांनी हात जोडले. सरांना ते बघवलं नाही.

"आज त्याला काय सांगायचं होतं तुम्हाला? ते मला सांगा. आपल्या बोलीत."

"तुमाले?" त्या लाजून हसल्या. मग हळूहळू सुरू झाल्या. शेजारची यामिनी बाळंत झाली, पोरगी गोरीपान आहे. गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर मागे लागलाय, पण भेव वाटते. त्यावरून त्या नवऱ्याच्या आजारपणावर आल्या. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तो पोराविषयी काय बोलला, ते इतक्या वर्षांत गौतमला सांगायचं राहिलं होतं. तेही त्यांनी सरांना सांगितलं.

माझे डोळे भरून आले. अंधारायला लागलं म्हणून मी उठलो, तर सरांनी हातानंच मला खाली बसवलं. राधाबाई दिवा लावायला आत गेल्या, पण बोलायच्या थांबल्या नाहीत. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, आणि चटईवर बसलेले सर प्रत्येक वाक्याला मोठ्यानं "हो" म्हणत होते.