बाबांचा ताबा

जहाज धक्क्याला लागलं, तेव्हा थोरली पायात बूट चढवून, पर्स खांद्याला अडकवून केबिनच्या दाराशी उभी होती. बाबा मात्र पलंगावर बसून एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होते.

"बाबा, आपला गट पुकारला."

"पुकारू दे. आपण उतरल्याशिवाय हे लोक काही चादरी बदलत नाहीत."

"माझं विमान आहे."

"ते ठाऊक आहे गं. आठ दिवस तेच ऐकतोय."

बाबांनी आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. जन्मभर वर आणि खाली गेलो, आता एकदा आडवं जाऊन बघायचंय, असं ते म्हणायचे. त्यांना समुद्रावर चांगला पंधरवडा काढायचा होता. पण थोरली रुग्णालयात डायलिसिसच्या यंत्रांवर काम करायची. तिला आठवड्याच्या वर सुट्टी मिळेना. धाकटीची स्वतःची बालवाडी. तिचंही तेच रडगाणं. शेवटी असं ठरलं की एकाच जहाजाच्या पाठोपाठच्या दोन फेऱ्या घ्यायच्या. पहिली थोरलीबरोबर, दुसरी धाकटीबरोबर. जहाज ज्या सकाळी परत येणार, त्याच दिवशी ते पुन्हा सुटणार. थोरली उतरेल, धाकटी चढेल आणि मधल्या वेळात धक्क्यावर बाबा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातील. गुडघ्यामुळे बाबा चाकाच्या खुर्चीत असत, आणि अशा प्रवाशाला सोबतीशिवाय जहाजावर घेत नसत.

दुसरी फेरी संपल्यावर बाबा धाकटीकडेच राहायला जाणार होते. निदान थंडी संपेपर्यंत तरी. हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, आणि जेवताना भाजी वाढ म्हणावं इतक्या सहज थोरलीला सांगितलं होतं. तिने "बरं" म्हटलं होतं. त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आई गेल्यावर बाबा थोरलीकडे आले. बाबांनी कुठे राहायचं यावरून बहिणींची जुंपली आणि धाकटी फोनवर बोलून गेली होती, "तू बाबांना सांभाळत नाहीस ताई, ताब्यात ठेवतेस." तेव्हापासून दोघींमध्ये फक्त मेसेज. बाबांचं रक्त तपासलं. बाबांचा चष्मा आला. या सहलीचं सगळं नियोजनही तसंच, चार-चार शब्दांत झालं. 'आदल्या दिवशी ये, विमानांचा भरवसा नसतो,' असं थोरलीने कळवलं. 'जमणार नाही. सकाळी पोचते,' असं उत्तर आलं. वरातीमागून घोडं, ही हिची लहानपणापासूनची चाल, असं थोरली मनाशी म्हणाली आणि स्वतःसाठी दुपारचं विमान पक्कं करून मोकळी झाली.

जहाजातून बाहेर पडायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. लिफ्टपुढे रांग, सामानापुढे रांग, कागद बघणाऱ्यापुढे रांग. बाबांनी लिफ्टमध्ये कान देऊन ऐकलं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "दार लावताना कुरकुरतेय. पण पडणार नाही, घाबरू नका." तो माणूस तोवर घाबरलेला नव्हता.

धक्क्यावरचा हॉल म्हणजे पत्र्याचं उंच छत, फरशीला पक्क्या बसवलेल्या खुर्च्यांच्या ओळी आणि एका बाजूला निळ्या जाकिटातली बाई बसलेला काउंटर. थोरलीने बाबांची खुर्ची खांबाशी लावली आणि फोन बघितला. धाकटीचा मेसेज होता: 'विमानात बसलेय. अजून हललं नाही. धुकं आहे.'

थोरली काचेच्या दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. दार तिच्यासाठी उघडायचं, ती बाहेर जायची नाही, मग ते बंद व्हायचं.

"बस की जरा," बाबा म्हणाले. "दार दमलं बिचारं."

ती काउंटरवर गेली. "नोंदणी कधी बंद होते?"

"तीनला. मग प्रवाशांची यादी बंदरात जाते. त्यानंतर आमच्याही हातात काही राहत नाही."

"माझ्या बहिणीला उशीर झाला तर? वडिलांना एकट्यांना आत घ्याल?"

बाईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी लगेच हात हलवला. "घ्यावंसं वाटतं हो," ती म्हणाली, "पण नाही घेता येत."

पुढचा मेसेज यायला फार वेळ लागला. 'विमान निघालं.' थोरलीने मनातल्या मनात हिशोब मांडला, मोडला, परत मांडला. धाकटीचं विमान उतरायच्या आत तिला स्वतःला विमानतळावर असायला हवं होतं. एक यायची, एक जायची, आणि बाबा इथे खांबाशी. तेवढ्यात टॅक्सीवाल्याचा फोन आला. "मॅडम, बाहेर उभा आहे. आत्ता निघालो तर पोचू. पुढे रस्ता भरतो."

"तू जा," बाबा म्हणाले. "ती येतेच आहे. मला कोण पळवून नेतंय? नेलं तरी संध्याकाळी आणून सोडतील."

थोरलीने निळ्या जाकिटातल्या बाईला बाबांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली, औषधांची पिशवी खुर्चीच्या दांडीला अडकवली, शाल खांद्यावर घातली. बाबांनी शाल काढली. तिने पुन्हा घातली. मग स्वतःची बॅग ओढत ती बाहेर पडली.

टॅक्सी धक्क्याच्या फाटकापर्यंत आली. पुढे दोन ट्रक होते. ड्रायव्हर गाणं गुणगुणत होता आणि थोरली स्वतःला समजावत होती: बाबा लहान नाहीत, बाई चांगली आहे, धाकटी थोड्या वेळात पोचेलच. समोरचा ट्रक हलला. फाटकाची दांडी वर गेली.

"थांबा," ती म्हणाली. "मागे घ्या."

"काही विसरलं का?"

"हो. वडील."

ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली.

बाबांना ती परत दिसली तेव्हा ते आनंदले, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "विमान रद्द झालं?"

"मी रद्द केलं. संध्याकाळच्या विमानात जागा आहे, ते घेते."

"संध्याकाळी विमान होतं? मग आधीच का नाही घेतलंस?"

उद्या सकाळची पाळी आहे, हे उत्तर थोरलीच्या जिभेवर होतं. तेच ती आठ दिवस सगळ्यांना सांगत आली होती. पण ती बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली, तसा तिच्यातला जोरच गेला.

"तिच्यासमोर फार वेळ बसावं लागू नये म्हणून," ती म्हणाली. "आली की तुम्हाला तिच्या हाती द्यायचं आणि सुटायचं. असं ठरवलं होतं मी."

बाबांनी शाल काढून मांडीवर घेतली. "धाकटीनेही तेच सांगितलं मला. आदल्या दिवशी आले तर सकाळपासून ताईसमोर बसावं लागेल, म्हणाली."

"असं म्हणाली?"

"दोघीही शहाण्या. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकावी तसं मला अडकवून ठेवलंत. आणि वर म्हणता, बाबांचं बघतोय."

ते रागावून बोलत नव्हते, म्हणून थोरलीला जास्त लागलं. ती उठली, हॉलच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून सहकारी मैत्रिणीला फोन लावून उद्याची पाळी तिच्या गळ्यात घातली. मग पुन्हा फेऱ्या. काउंटरवरचं घड्याळ दोनच्या पुढे गेलं होतं. नवे प्रवासी हसत, फोटो काढत आत जात होते. बाबांना शौचालयात नेऊन आणलं. चहा आणला. तो त्यांनी घाईने पिऊन जीभ भाजून घेतली.

आणि मेसेज आला: 'उतरले. बॅग आली नाही अजून. पट्ट्यापाशी थांबलेय.'

थोरलीने मेसेजचं उत्तर लिहायला घेतलं, खोडलं आणि सरळ नंबर लावला.

"ताई?" धाकटीचा आवाज दचकलेला होता.

"बॅग सोड. टॅक्सी धर."

"अगं पण माझे सगळे कपडे त्यात..."

"बॅग सोड म्हणते ना! तीनला दार बंद होतंय. पळ!"

धाकटी पळाली. हॉलमध्ये ती शिरली तेव्हा केस सुटलेले, एका चपलेचा बंद तुटलेला, आणि हातात पासपोर्ट असा धरलेला, की जणू त्यानेच तिला ओढत आणलं होतं. निळ्या जाकिटातल्या बाईने लांबूनच ओळखलं आणि कागद पुढे ओढले. "या, या, आधी सही करा."

सही झाली. मग बहिणी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"आदल्या दिवशी ये म्हटलं होतं," थोरली म्हणाली.

"माहितीये."

"माहितीये काय? मला फाटकातून परत यावं लागलं!"

"मी तीन तास धावपट्टीवर विमानात बसून रडत होते, ते नाही दिसलं तुला!"

"दिसणार कसं? मेसेजमध्ये रडणं दिसतं का?"

बाबांनी खुर्चीला अडकवलेली काठी काढून फरशीवर आपटली. "जहाज सुटल्यावर भांडा. फोनवरून भांडा. आत्ता हिच्या अंगावर घालायला काय आहे ते बघा."

थोरली तिथेच खाली बसली, बॅग उघडली आणि कपडे उपसू लागली. "हा धुतलेला. हा एकदाच घातलाय. हा नको, याला डाग पडलाय."

"मला होणार आहे का तुझं?"

"नाडी आहे, आवळ."

धाकटीला हसू फुटलं. मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. थोरलीने कपडे परत कोंबले, चेन लावली आणि अख्खी बॅगच तिच्याकडे ढकलली.

"सगळीच घे. आणि ऐक. निळी गोळी जेवणाआधी. गुडघ्याला रात्री शेक, पट्टा झोपताना काढायचा. चहा कोमट करून दे, घाईने पितात. आणि..." पुढचं तिला आठवेना. वास्तविक पुढे खूप होतं.

"ताई, मी फोन करीन ना."

"मॅडम, आता चला," काउंटरवरून आवाज आला.

धाकटीने एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने बॅग ढकलायचा प्रयत्न केला. बॅग वाकडी गेली. थोरली प्रवाशांसाठी बांधलेल्या दोरीच्या आत धावली आणि बॅग जहाजात जाणाऱ्या उतारापर्यंत पोचवून आली. बाबांना मागे वळून पाहता येत नव्हतं. त्यांनी नुसता हात वर केला, आणि आतल्या वळणापर्यंत तो वरच ठेवला.

संध्याकाळचं विमान वेळेवर सुटलं. विमानतळावर थोरली एका जागी बसू शकली नाही, आणि घरी पोचल्यावर तर मुळीच नाही. धाकटी खरोखर फोन करू लागली. पट्टा उजव्या पायाला की डाव्या, बाबा तिसऱ्यांदा आइस्क्रीम मागतायत तर द्यायचं का, जहाजावरच्या लिफ्टवाल्याशी ते तासभर बोलत बसलेत तर बोलू द्यायचं का. थोरली ओरडायची, धाकटी उलट ओरडायची. जहाजाची फेरी संपली, बाबा धाकटीच्या घरी गेले, बालवाडीतल्या पोरांना लिफ्ट कशी चालते ते शिकवू लागले. थंडीभर रोज फोन, रोज वाद.

एका रात्री बोलता बोलता धाकटी म्हणाली, "बाबांना न्यायला तू येणार आहेस ना?"

"हो. विमानं बघतेय." थोरली फोन कानाला लावून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालत होती.

"राहशील ना, का आल्या पावली परत?"

थोरली दाराशी थांबली. "चार दिवस मिळतील बहुतेक."

"आठ माग," धाकटी म्हणाली.