दीड मीटरची फट

धाराशिवच्या एका छोट्या कंपनीत चैताली डिजिटल नकाशे करायची. उपग्रहानं घेतलेलं छायाचित्र पडद्यावर आणायचं आणि त्यावर माउसनं काढत जायचं. घर म्हणजे टिंब, रस्ता म्हणजे रेषा, शेत म्हणजे बंदिस्त आकृती. प्रत्येकीमागं तक्त्यात एक ओळ असे: रस्त्याचं नाव, डांबरी की कच्चा, कुणी काढला, कधी काढला.

भूम तालुक्यातल्या ईट गावाच्या पुढं माळावर तिची वस्ती, बौद्धांची बारा घरं. तिथं जाणारा अडीच किलोमीटरचा रस्ता तोवर कुठल्याच नकाशात नव्हता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिनं तो काढला. वडिलांनी, मच्छिंद्रआबांनी, मोबाईलवर ती रेषा पाहिली आणि शेजारच्या कोंडाबाईला हाक मारून आणलं. "आमच्या पोरीनं काढलाय," एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी आईचा, कमलबाईचा, फोन आला.

"आबांच्या छातीत लई कळ आलीय गं. घाम थांबंना."

थोरला भाऊ अमरदीप ढोकीच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर घेऊन गेला होता. चैतालीनं भूमच्या एका संस्थेची रुग्णवाहिका बोलावली, घराचं ठिकाण पाठवलं. त्या गाडीत तिच्याच कंपनीचा नकाशा बसवलेला होता.

"आई, गाडी निघाली. पंचवीस मिनिटांत येते. आबांना हलवू नको."

गाडी सव्वा तासानं आली. तेवढा वेळ चैताली फोनवरच होती. आधी तिला आबांचं कण्हणं ऐकू येत होतं. मग नुसती आई ऐकू येत होती.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर अमरदीपनं संस्थेकडं तक्रार दिली: ड्रायव्हर वाटेत कुठंतरी थांबला, त्यामुळं आमचे वडील गेले. ड्रायव्हरचं नाव युवराज. नवा होता, लातूरकडचा. संस्थेनं त्याला घरी बसवलं. आठवड्यानं त्यानंच चैतालीला फोन केला.

"ताई, लेकराची शपथ, म्या कुठंबी थांबलो न्हाय. ईटपाशी आलो तर नकाशानं सरळ पुढं काढलं. पलीकडच्या गावाला वळसा घालून मागच्या अंगानं आणलं मला."

चैतालीनं ऑफिसात तो भाग उघडला. वस्तीचा रस्ता ईटच्या डांबरी रस्त्याला नीट मिळालेला दिसत होता. ती चित्र मोठं करत गेली. आणखी मोठं केलं, तेव्हा दोन रेषांच्या मधे फट दिसली. मोजली तर दीड मीटर. माणसाला रेषा भिडलेल्या दिसतात, पण दोघींची टोकं एकाच बिंदूवर आली तरच संगणक तिथं वाट आहे असं धरतो. इथं त्याच्या लेखी वाट नव्हतीच. रस्त्याचं वस्तीकडचं टोक मात्र पलीकडच्या गावाहून येणाऱ्या वाटेला जोडलेलं होतं, म्हणून त्यानं गाडी तिकडून नेली.

तक्त्यातल्या ओळीत 'कुणी काढला' खाली तिचंच नाव होतं.

रेषा जोडायला पाच सेकंद लागले. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मग आता बाहेर बोलू नका."

तिनं संस्थेला पत्र लिहिलं, काय चुकलं ते सगळं सांगितलं, खाली सही केली आणि दुपारच्या एसटीनं ईट गाठलं.

अमरदीप त्या दिवशी घरीच होता. तिनं त्याच्यासमोर आणि आईसमोर बसून सांगितलं.

"तुला दिसलं न्हाय?" त्यानं विचारलं.

"तपासायची एक पायरी असते, दादा. फटी आपोआप सापडतात त्यात. रस्ता काढला त्या दिवशी मी ती गाळली. संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचं होतं. आबांना दाखवायचं होतं."

अमरदीप उठला. पायात चपला सरकवून बाहेर गेला.

कमलबाई भिंतीला टेकून बसली होती. ती तिथूनच म्हणाली.

"कोंडाबाईचा ल्योक जीप काढत व्हता त्या दिवशी. म्हणला, घाला आबांना, नेतो. म्याच नको म्हणलं. तू म्हणली व्हतीस ना, पंचवीस मिनिटं."

"आई..."

"आता कुणाला बोलू म्या? तुला का मला?"

चैतालीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईनं ते ढकललं नाही, पण तिचा हात काही केसांवर आला नाही.

अमरदीपनं दुसऱ्याच दिवशी भूमला जाऊन तक्रार मागं घेतली. युवराज पुन्हा गाडीवर रुजू झाला. चैतालीची नोकरी गेली. जाण्याआधी तिनं तालुक्यातले सगळे रस्ते तपासून काढले. तशा आणखी सदतीस जागा निघाल्या. त्या तिनं एकेक करून जोडल्या. साहेबांनी अडवलं नाही.

आता ती आईपाशी वस्तीवरच असते. हंगाम संपल्यापासून अमरदीपही घरी आहे. तो तिच्याशी बोलत नाही. ताटावर बसला की आईला विचारतो, "ती जेवली का?"

चैताली तिथंच असते, हाताच्या अंतरावर, त्याच्या ताटात भाकरी वाढत.

"न्हाय अजून," आई सांगते.

"जेव म्हणावं," तो म्हणतो, आणि मान खाली घालून घास मोडतो.