बिनहाळीची बीअर

जरा वर बघा. चुलीच्या वर, पिठाच्या चाळणीशेजारी खुंटीला जी काळपट लाकडी माळ लटकलीय ना, तीच मी बोलतेय. गळ्यात घालायची माळ नव्हे, जपाची तर नव्हेच. मी विरजणाची माळ. तुम्ही दुधाला विरजण लावता, तसं नॉर्वेतल्या आमच्या खोऱ्यात घरच्या बीअरला लावतात. ते विरजण एका बीअरपासून दुसऱ्या बीअरपर्यंत जिवंत ठेवायचं, हे माझं काम.

मला कोरलं ते या घरच्या हाल्डोरच्या आजोबांनी. त्या हिवाळ्यात बर्फानं वाट बंद झाली होती, बायकोशी भांडून भांडून म्हातारबुवा कंटाळले आणि त्यांनी चाकू हातात घेतला. बर्चच्या लाकडाचे छोटे छोटे तुकडे, एकात एक अडकवलेले, ना खिळा ना सरस. मध्ये फटी मुद्दाम ठेवलेल्या. बीअर तयार झाली की पिंपाच्या तळाशी जो साका बसतो, त्यात मला बुडवायचं आणि खुंटीला टांगायचं. साका माझ्या फटींत वाळतो, पण मरत नाही. महिनोन्‌महिने झोपून राहतो.

दिसायला मी काही देखणी नाही. घरात नवी सून आली, हाल्डोरची बायको सिन्नेवा, तिनं पहिल्याच आठवड्यात मला खुंटीवरून काढलं आणि गरम पाण्याच्या बादलीकडे निघाली. "केवढा मळ साचलाय हिच्यावर," म्हणाली. सासूबाई हातातलं पीठ टाकून धावल्या. "अगं बये, तो मळ नाही. तुझ्या नवऱ्याच्या तीन पिढ्या आहेत त्यात." सिन्नेवा इतक्या मोठ्यानं हसली की खिडकीची तावदानं वाजली. मी वाचले, आणि या घराला हाळी देणारी मिळाली.

हाळीचं सांगते. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या घालून उकळलेल्या पाण्यात ते भिजवायचे आणि गोड पाणी निथळून घ्यायचं. ते पाणी अंगाइतकं कोमट झालं की मला त्यात सोडायचं. आणि सोडता सोडता मोकळ्या गळ्यानं हाळी द्यायची. शब्द नसतात तिला, नुसता लांबलचक आवाज. म्हणतात, हाळी जितकी मोठी तितकी बीअर चढते. विरजणाला म्हणे जाग येते. आता विरजणाला कान नसतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक, पण हाळी आपल्यासाठी आहे म्हणून मी आपली मिरवायचे.

सिन्नेवाची हाळी म्हणजे हाळी होती. हाल्डोरचा आवाज मात्र पहिल्यापासून दाराच्या बिजागरीसारखा. तो पिंप धुवायचा, फांद्या तोडायचा, आच सांभाळायचा. ओरडायचं काम बायकोकडे.

तिसऱ्या दिवशी बीअर काढली की माणसं आपसूक हजर. आमच्याकडे बीअरला आमंत्रण देत नाहीत. दिलं तर लोक फुगून बसतात. खाडीपलीकडून ओसमुन आणि त्याची बहीण बोरगिल होडी वल्हवत यायची, वरच्या वाडीवरचे दोघे-तिघे उतरून यायचे. दार कोणी वाजवायचं नाही. सरळ आत यायचं, कोट खुर्चीवर टाकायचा, पेला हातात घ्यायचा. पहिला घोट ओसमुनचा ठरलेला. घोट घेऊन तो मिश्या पुसायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"काय गं सिन्नेवा, ही घोड्यासाठी ठेवली होतीस का?"

"त्याला दिली होती," सिन्नेवा म्हणायची. "नको म्हणाला."

दर वर्षी हेच, आणि दर वर्षी सगळे असे हसायचे जसं काही आजच ऐकलंय. बीअरला नावं ठेवायची, हीच आमची रीत. स्तुती आम्ही फक्त मेलेल्यांची करतो.

तीन वर्षांपूर्वी सिन्नेवा गेली. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती, डॉक्टरकडे जाऊ म्हणत होती, आणि सकाळी उठलीच नाही. मातीहून परतल्यावर माणसं याच स्वयंपाकघरात बसली होती. ओसमुन माझ्याखाली उभा होता. हाल्डोरच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तिच्या हातची बीअर फार चांगली व्हायची." तेव्हा मला खरं वाटलं की ती गेली.

दुखवट्याच्या घरात वर्षभर बीअर करत नाहीत. मी वाळत पडले. पुढच्या शरदात हाल्डोरनं हंडा चढवला तेव्हा मला किती बरं वाटलं, काय सांगू. सगळं त्यानं नेमकं केलं. पाणी कोमट झालं. मला हातात घेऊन तो पिंपावर वाकला, तोंड उघडलं आणि तसाच थांबला. घरात घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती. रिकाम्या घरात एकट्या माणसानं ओरडायचं म्हणजे लाजच वाटते हो. त्यानं तोंड मिटलं आणि मला गुपचूप पाण्यात सोडलं, मागीलदारानं चोर शिरावा तसं.

बीअर झाली मात्र फक्कड. तिसऱ्या दिवशी त्यानं टेबल पुसलं, पेले मांडले, चीज कापून ठेवलं. दाराकडे पाठ करून बसला, कारण वाट बघताना दिसणं बरं नव्हे. दुपार झाली. चीजच्या कडा सुकल्या. कोणी आलं नाही.

"येतील," तो म्हणाला. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे हे मलाच म्हणाला असणार.

दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. त्यानं पेले परत फळीवर ठेवले. "लोक सिन्नेवासाठी यायचे," तो मला म्हणाला. "माझ्यासाठी कोण येणार?"

नाताळाआधी पुन्हा बीअर केली, पुन्हा तेच. पुढच्या वर्षीही तेच. दुकानात ओसमुन भेटायचा, पण दोघं बोलायचे ते पावसावर. पाऊस येईल, येईल, झालं संभाषण. बीअरचा विषय ओसमुन काढायचा नाही, आणि हाल्डोर तर जीभ गिळून बसलेला. घरी येऊन तो एकटाच पिंपाजवळ बसायचा. निम्मी बीअर आंबून जायची, ती मेंढ्यांच्या कुरणात ओतायचा. मला साक्यात बुडवताना त्याचा हात दर वेळी जड होत गेलेला मला जाणवायचा. चहाच्या वेळी तो अजूनही दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. मला फार एकटं वाटायचं त्या दिवसांत. माणसाचं एकटेपण घरातल्या वस्तूंनाही लागतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

मग दुकानाच्या फळ्यावर चिकटवलेली जाहिरात त्यानं वाचली: हौशी लोकांच्या घरगुती बीअरची स्पर्धा, तालुक्याच्या शाळेत. घरी येऊन मला म्हणाला, "परक्यांना तरी पाजून बघू. तिथेही कोणाला नको असेल तर ही शेवटची." त्याची शेवटची म्हणजे माझीही शेवटचीच.

स्पर्धेवाल्यांचा फोन आला. "विरजण कुठल्या पाकिटातलं वापरलंत?"

"पाकिटातलं नाही. माळेचं आहे."

"माळेचं? ही कंपनी नवीन दिसतेय."

हाल्डोरला समजावता येईना. शेवटी "घेऊनच येतो" म्हणाला आणि पिठाच्या पिशवीत घालून मला घेऊन गेला. नुकतीच बीअर काढलेली, त्यामुळे मी अजून ओलीच होते.

शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. दाढीवाली तरुण पोरं, चकचकीत बाटल्या, छापील लेबलं. कोणी मिरची घातलेली, कोणी कॉफी घातलेली. पोरं चांगली होती, एकमेकांच्या बाटल्यांचा वास घेत होती, टाळ्या देत होती. हाल्डोर आपल्या दोन बाटल्यांमागे टोपी मांडीवर घेऊन बसला. त्याला कोणी काही विचारलं नाही.

परीक्षक आले. चष्म्यातल्या बाईंनी पेला उजेडात धरला, हलवला, हुंगला, घोट घेतला.

"वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "संत्र्याच्या सालीचा वास येतो. पण फेस नाही, बुडबुडे नाहीत."

"आमच्याकडे नसतातच," हाल्डोर म्हणाला.

"असेल. आमच्या कुठल्याच गटात बसत नाही ती. पण खूप छान प्रयत्न. खरंच छान."

बिचाऱ्या भल्या बाई होत्या, मनापासून बोलत होत्या. हाल्डोरचा चेहरा मात्र मातीला आल्यासारखा झाला. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या आणि त्यानं बाटलीला बूच लावलं.

तेवढ्यात एक हॉटेलवाला आला. पिशवीतून मला बाहेर काढून त्यानं उलटसुलट केलं. "ही देता का? जेवणघराच्या भिंतीवर टांगतो. धुऊन, वॉर्निश लावून झकास दिसेल."

हाल्डोरनं माझ्याकडे बघितलं. "जाताना घेऊन जा," म्हणाला. "माझ्याकडे तरी आता काय काम आहे तिला."

वॉर्निश! माझ्या फटीफटीतून काटा आला. पण लाकडाला कोण विचारतो?

बाकाच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी धपकन बसलं. ओसमुन होता. फुकटात बीअर चाखायला मिळते म्हटल्यावर ओसमुन येणारच.

"पाऊस येईल," ओसमुन म्हणाला.

"येईल," हाल्डोर म्हणाला.

मग ओसमुनची नजर माझ्यावर गेली. त्यानं मला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"ही ओली कशी?"

"परवाच बीअर काढली."

"तू बीअर करतोस?"

"करतो की. दुखवट्याचं वर्ष सरलं तेव्हापासून करतोय." हाल्डोरनं टोपी कुस्करली. "पेले मांडून बसतो. तुम्हीच येत नाही."

ओसमुननं हळूच कानातून एक छोटं यंत्र काढलं आणि तळहातावर धरलं. "हे बघ. हे तुझ्यामुळे घेतलं. बोरगिलला म्हटलं, हाल्डोरकडची हाळी ऐकू येत नाही, माझे कान गेले. ती म्हणाली, मलाही येत नाही. मग तिनंही घेतलं. शरद लागला की आम्ही दोघं थंडीत खिडकी उघडी टाकून बसतो, गाढवासारखे. आणि तू हाळीच देत नाहीस?"

"हाळी सिन्नेवा द्यायची."

"मग तिच्याबरोबर तुझं तोंडही पुरलं की काय आम्ही?"

"दार वाजवायचंस."

"बिनहाळीचं? दुखवट्याच्या घरात? हाळी आली की समजायचं, घर सावरलं. तू गप्प, म्हणून आम्ही गप्प. बीअर मागायला दारात उभं राहायला आम्ही काय भिकारी आहोत?"

 इतकी वर्षं मी समजत होते की हाळी माझ्यासाठी असते. ती खाडीपलीकडच्यांसाठी होती हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. दोन घरं समोरासमोर, एक पेले मांडून बसलेलं, एक खिडकी उघडून बसलेलं, आणि मध्ये नुसतं पाणी.

ओसमुननं उरलेल्या बाटलीतून पेलाभर ओतून घेतली आणि घोट घेतला. मी कान टवकारले. पण तो मिश्या पुसून उठला. "इथे काही बोलणार नाही," म्हणाला. "घरी येऊन बोलेन. आधी हाळी दे."

हॉटेलवाला परत आला तेव्हा मी पिशवीत होते आणि पिशवीला गाठ होती. "माळ कामाला लागलीय," हाल्डोर म्हणाला.

थोड्याच दिवसांत हंडा चढला. सकाळी हाल्डोर कुरणात जाऊन सराव करून आला. मेंढ्यांनी म्हणे माना वर केल्या आणि परत चरायला लागल्या. पाणी कोमट झालं. त्यानं खाडीकडची खिडकी उघडली. मला हातात घेतलं, घसा खाकरला, तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा बिजागरी वाजली. मग त्यानं डोळे मिटले, माझ्यासकट हात पाण्यात घातला, आणि मी बुडाले. पाण्याखाली मला काही ऐकू येत नाही. त्यामुळे हाळी कशी झाली ते मला विचारू नका. एवढं सांगते, त्याचा हात पाण्यात माझ्याबरोबर बराच वेळ राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यानं टेबल पुसलं, पेले मांडले, चीज कापलं. मला साक्यात बुडवून या खुंटीला टांगलं. दाराकडे पाठ करून बसला. वारा होडीला उलटा होता. दुपार झाली. चीजच्या कडा सुकायला लागल्या. "येतील," असं या वेळी तो म्हणालाच नाही.

खाली धक्क्यावर लाकडाला लाकूड आपटलं. मला खिडकीतून दिसत नाही, पण तो आवाज मी ओळखते, मी स्वतः लाकूड आहे.

दार कोणी वाजवलं नाही. ओसमुन आत आला, मागून बोरगिल. कोट खुर्चीवर पडले. ओसमुननं घोट घेतला, मिश्या पुसल्या, तोंड वाकडं केलं. सवयीनं चुलीजवळच्या सिन्नेवाच्या खुर्चीकडे वळला आणि अडखळला. मग हाल्डोरकडे बघून म्हणाला,

"काय रे हाल्डोर, ही घोड्यासाठी ठेवली होतीस का?"

हे उत्तर हाल्डोरनं जन्मात कधी दिलं नव्हतं.  बोरगिल चीज हातात धरून थांबली.

"त्याला दिली होती," हाल्डोर म्हणाला. आवाज फाटला. "नको म्हणाला."

बोरगिल हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. ओसमुननं रिकामा पेला पुढे केला. चुलीजवळच्या खुर्चीवर मात्र कोणी कोट टाकला नाही. ती रिकामी राहिली आणि राहणार.

मी अजून ठिबकतेय. आठवड्याभरात वाळेन आणि झोपी जाईन. तेवढ्यात तुम्ही पुन्हा कधी या घरी आलात तर मला धुऊ नका. आणि आपल्या घरी गेलात की शेजाऱ्याच्या बाजूची खिडकी जरा उघडी ठेवा.